हाऽजिर होऽऽ

गोंदियाला मोठ्या गाडीतून उतरलात की पलीकडच्या फलाटावरची ती बुटकी गाडी पाहून हसू नका. तिच्या दोन रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट आहे, पण बंगाल-नागपूर रेल्वेने ती सुरू केली गेल्या वर्षी, आणि आज बालाघाटला जायला तिच्यासारखी सोय नाही. साल 1904, महिना मे. खिडकीशी बसायचा हट्ट धरू नका, कोळशाची कणी डोळ्यात गेली की वैनगंगेचं पाणी मारेपर्यंत खुपत राहते. समोरच्या बाकाखाली वाळलेल्या मोहफुलांची पोती आहेत. त्यांचा गोड-आंबूस वास आधी बरा वाटतो, तासाभराने डोकं धरतो. बाघ नदीचा पूल आला तरी खाली पाणी शोधू नका, या दिवसांत नुसती वाळू आणि मधे मधे डबकी.

तुम्ही कोण आहात ते गाडीतच ठरवून टाकू. तुम्ही उमेदवार. निवडणुकीतला नव्हे. कचेरीतला उमेदवार म्हणजे जागा रिकामी होईल या आशेवर फुकट लिहीत बसणारा माणूस. तुम्ही नागपूरला मराठी शाळा केलीय, अक्षर वळणदार आहे, व्याकरण पाठ आहे आणि खेड्यातल्या माणसाचा उच्चार ऐकला की ओठाचा कोपरा आपोआप वर जातो. तुमच्या मामाच्या ओळखीचा एक अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा, बालाघाटच्या कचेरीबाहेर बसतो. मूळचा भंडाऱ्याचा, घरी मराठी, कागदावर हिंदी. त्याच्या हाताखाली तुम्हाला बसायचंय.

रात्र धर्मशाळेच्या अंगणात काढा. झोप लागणार नाही. डास आहेत, कुणाची तरी बैलजोडी रात्रभर घंटा वाजवतेय, आणि भिंत अजून दिवसभराचं ऊन परत देतेय. पहाटे पाचला उठा, कारण उन्हाळ्यात कचेरी सकाळची. गावातले म्हातारे या गावाला अजून बूढ़ा म्हणतात. 1867 साली जिल्हा झाला, तेव्हापासून कागदावर बालाघाट. तोंडात मात्र जुनं नाव बसलेलं. तोंडाला कागदाची घाई नसते हे आज दिवसभर लक्षात ठेवा.

कचेरीच्या आवारात पोचता पोचता साडेसहा वाजतात आणि गर्दी आधीच जमलेली असते. छकडे सोडलेले, बैल चिंचेच्या सावलीला बांधलेले, त्यांच्या मुताचा तिखट वास. लांजीकडचे कुणबी, वारासिवनीचे कोष्टी, कटंगीकडचे पोवार, बैहरच्या डोंगरावरून दोन दिवस चालत आलेले गोंड. पोवार माणूस नाव सांगतो ते ‘मोरो नाव अमुक से’ असं. ऐकताना मराठी वाटतं, मग हिंदी वाटतं, मग तुम्ही वाटून घेणं सोडता. गोंडी तर तुम्हाला कळतच नाही, फक्त मधेच ‘सरकार’, ‘वकील’, ‘कोरट’ असे ओळखीचे खडे दाताखाली येतात. चिलमीचा धूर, खोबरेल, घाम, शिडकाव्याने ओली झालेली माती. आणि या सगळ्यावर तरंगणारा जळत्या लाखेचा वास, कारण व्हरांड्यात नाझर या कोर्टातल्या अधिकाऱ्याचा माणूस पाकिटांवर मोहरा उठवत बसलाय. ही लाख इथल्याच जंगलातली, पळस आणि कुसुमाच्या झाडावरची.

तुमचा अर्जनवीस चिंचेखाली तरटावर बसलाय. पुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, दौत, दोन बोरू, शाई टिपायला बारीक वाळूची डबी. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. तो तुमच्याकडे न पाहता म्हणतो, “बस. बोरू तासता येते का?” तुम्ही हो म्हणता. “मंग तास. लिहायचं मंग पाहू. आधी ऐकाले शिक.”

आणि तेवढ्यात तो आवाज येतो.

व्हरांड्याच्या पायरीवर लाल पट्टेवाला चपराशी उभा राहिलाय. छाती भरून घेतो, मान वर करतो. तो नाव पुकारतो, बापाचं नाव पुकारतो, दोन्हींच्या मधे ‘वल्द’ घालतो, आणि शेवटी: “हाऽऽऽजिर होऽऽऽ!” चिंचेवरचे कावळे उडतात. नीट ऐका, तो सगळ्या अक्षरांना सारखा दम देत नाही. ‘हा’ ताणतो, ‘जिर’ झटक्यात टाकतो, आणि ‘हो’वर उरलेला सगळा श्वास रिकामा करतो. गर्दीतून एक पागोटं उठतं, हात वर होतो: “हजर! हजर हाओ जी!”

तुम्हाला हसू येतं. चपराशी म्हणतो हाजिर, गडी म्हणतो हजर. पण हसण्याआधी स्वतःच्या शाळेतली हजेरी आठवा. मास्तरांनी नाव घेतल्यावर तुम्ही काय म्हणत होतात? अरबी-फारशीतला हाज़िर मराठीत आला तेव्हा पुढचा ‘आ’ आखडला आणि मागच्या ‘जि’चा ‘ज’ झाला. आणि हे एकट्या त्या गड्याने केलं नाही. मालिकचा मालक, वारिसचा वारस, ख़ातिरची खातर, नाज़िरचा नाझर. मराठी तोंडाला शब्दाच्या शेवटच्या बंद अक्षरात ऱ्हस्व ‘इ’ सोसत नाही, तिथे ते ‘अ’ बसवून मोकळं होतं. शेकडो वर्षं, न ठरवता, बहुतेक वेळा.

अर्जनवीस हे असं सांगत नाही. तो बोरूची मागची बाजू पेटीच्या झाकणावर आपटतो. जड अक्षराला ठक्, हलक्याला टिक. “हाजिर: ठक् ठक्. हजर: टिक ठक्. समजलं?” यमाताराजभानसलगा तुम्हाला पाठ आहे. लघु-गुरू तुम्ही वृत्तांत मोजलेत. कचेरीत मोजायचे असतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

आठ वाजेपर्यंत तुम्ही सहा अर्ज ऐकता, कारण लिहू कोण देतोय. ऊन चिंचेच्या पानांतून गळायला लागतं आणि तरटाची कड तापते. लोक येतात, उकिडवे बसतात, आणि कचेरीतले शब्द आपापल्या तोंडात घोळवून समोर ठेवतात. एकाला ‘इस्टाम’ हवाय. म्हणजे आठ आण्यांचा कोर्ट फीचा स्टँप. तुमचा ओठ पुन्हा वर. पण हा ‘इ’ कशाला आला ते पाहा. ‘स्ट’ ही जोडी शब्दाच्या तोंडाशी आली की पुष्कळांची जीभ अडते. आधी एक ‘इ’ ठेवली की ‘स’ तिच्यामागे बसतो आणि ‘ट’ मोकळा सुटतो. इस् आणि टाम. ठक् ठक्. इस्कूल आणि इस्टेशन याच घाटातून आलेत. स्पेनमध्ये माणसं शाळेला एस्कुएला म्हणतात ती याच अडचणीमुळे, आणि त्यांना कोणी गावंढळ म्हणत नाही.

दुसरा सांगतो की त्याच्यावर ‘सम्मन’ निघालाय. तुम्ही नागपुरी थाटात सुधारता: “समन्स.” तो गोंधळून अर्जनवीसाकडे बघतो. अर्जनवीस हसतो. साहेबाच्या तोंडून निघालेला एकच शब्द, हिंदीवाल्यांनी ‘म’ दुप्पट करून शेवटचा ‘स’ फेकून दिला, मराठीवाल्यांनी ‘स’ ठेवून ‘म’ एकेरी ठेवला. साहेबाला दोन्ही ओळखू येत नाहीत. डिक्रीचं तर विचारूच नका. इंग्रज म्हणताना सगळा जोर मागे देतो, ‘क्री’वर. पहिलं अक्षर त्याच्या तोंडात जेमतेम असतं. आपल्याकडे येताच ‘डिक्’ जड होऊन पुढे ठाकलं: डिक्-री. कटंगीचा माणूस त्यालाही मऊ करतो, डिगरी म्हणतो. “माझ्यावर डिगरी झाली” असं तो म्हणाला तर त्याला शिकलेला समजू नका. त्याचे बैल जाणार आहेत.

मग एक बाई येतात. नवऱ्याला मारहाण झालीय आणि त्यांना फिर्याद द्यायचीय. त्या ‘फिर्याद’ म्हणतात, तुम्ही मनात मान डोलावता. इथे मात्र अर्जनवीस कागदावर ‘फ़रियाद’ लिहितो, कारण कागद हिंदीचा. त्याचा बोरू ठोकतो: “फ-रि-याद. टिक टिक ठक्. आपली फिर्-याद. ठक् ठक्.” गंमत अशी की फारशीत हा शब्द दोनच तुकड्यांचा होता, फर्-याद. हिंदीने त्याचे तीन केले. मराठीने ‘फ’ची ‘फि’ केली, पण तुकडे दोनच ठेवले. शब्द कोणी बिघडवला याचा निकाल लावायला बसलात तर कुणालाच निर्दोष सोडता येणार नाही.

ऊन आता खांद्यावर आलंय. पाणी प्या. मातीच्या मडक्यातलं आहे, त्यात वाळ्याची जुडी टाकलीय. आणि चला आत, कारण पुढची गोष्ट तरटावर नाही, मुहर्रिरच्या, म्हणजे कारकुनाच्या, मेजापाशी घडते.

लांजीकडचा एक म्हातारा आहे. पायात कातडी जोडे, ते त्याने व्हरांड्याबाहेर काढून ठेवलेत आणि दर मिनिटाला वळून बघतोय चोरीला गेले का ते. त्याचा मुलगा सरकारी जंगलात साग तोडताना सापडला आणि हवालातीत आहे. म्हातारा त्याला सोडवायला आलाय. रात्रभर चालून आलाय, डोळे लाल, गमछ्यात कागदांची पुरचुंडी. मेजापाशी त्याला उभं केलं जातं. मुहर्रिर जबलपूरकडचा, नवा, पान खातो, आणि पंख्याच्या दोरीवरचा पोऱ्या पेंगला की जोड्याने फरशी आपटतो. मुहर्रिर विचारतो काय पाहिजे.

म्हातारा घसा साफ करतो. घाबरलेला आहे, तोंड कोरडं आहे, आवाज आत ओढला जातोय. “जमीन द्याले आलो जी,” असं काहीसं ऐकू येतं.

“ज़मीन?” मुहर्रिरचा टाक थांबतो. “कौन-सी ज़मीन? किस गाँव में? कितने एकड़?”

म्हाताऱ्याचा चेहरा बघा. कचेरीत सरकारी माणसाने जमीन विचारली की रयतेच्या पोटात काय होतं हे तुम्हाला त्या एका चेहऱ्यावर दिसेल. पुरचुंडी छातीशी जाते. तो मागे सरकतो. “जमीन नाही जी, जमीन नाही. जामीन. माहा टुरा हाय आत. मी जामीन हाओ.” पण घाबरून बोलताना पहिलं ‘जा’ पुन्हा आखूड होतं, आणि मुहर्रिरच्या कानात पुन्हा जमीनच शिरते. त्याच्या रोजच्या बोलण्यात या कामाला ज़मानत म्हणतात. जामीन कानावर आलाच तर तो ज़ामिन, मागचं अक्षर आखूड. म्हाताऱ्याने मागचं लांब ठेवलं आणि पुढचं गिळलं. उरलं काय? ज-मीन. मुहर्रिर चिडतो, “अरे ज़मीन है कि नहीं है?” मागची रांग हसते. हसणाऱ्यांत तुम्हीही आहात.

अर्जनवीस दारातून आत येतो, मेजाच्या कडेवर बोटांची पेरं ठोकतो. “मुंशीजी, ठक् ठक्. जाऽ-मीन. ये ज़ामिन होना चाहता है, बेटे का.” दोन ठोक्यांत प्रकरण मिटतं.

जमीन म्हणजे टिक ठक्, जामीन म्हणजे ठक् ठक्. एका ठोक्याचा फरक. एक फारशीतून आलेला, दुसरा अरबीतून, एकमेकांचं काहीही लागत नाही, पण मराठीत येऊन शेजारी बसले आणि त्यांच्या मधे एक काना तेवढा उरला. लिहिलं असेल तर काना दिसतो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात काना दिसत नाही. इटलीच्या न्यायालयांतही असा एक सापळा आहे. तिथे प्रिन्चिपी असा एकच लेखी शब्द आहे. जोर पहिल्या अक्षरावर, ‘प्रिन्’वर दिला की राजपुत्र, मधल्या ‘ची’वर दिला की तत्त्वं, म्हणजे कायद्याची मूलतत्त्वं. छापताना जोराची खूण अनेकदा देत नाहीत. तिथला विद्यार्थी वाक्य वाचता वाचता ठरवतो की आपण राजपुत्रांबद्दल बोलतोय की तत्त्वांबद्दल. आपल्याकडे निदान काना-मात्रा लिहायची सोय आहे, तेवढं समाधान माना.

पण लांजीच्या म्हाताऱ्याची अडचण अजून संपलेली नाही. मुहर्रिर आता शांतपणे, पान दुसऱ्या गालात सरकवून विचारतो: “ठीक है. ज़ामिन की हैसियत? ज़मीन कितनी?” कारण जामीन राहायचं तर माणसाची ऐपत दाखवावी लागते, आणि खेड्यात ऐपत म्हणजे जमीन. म्हातारा तुमच्याकडे बघतो. इतका वेळ हेच तर विचारत होते! तुमचं हसणं तुमच्याच घशात अडकतं. तो पुरचुंडी सोडतो, पट्ट्याची पावती काढतो आणि मेजावर ठेवून वर तळवा दाबून धरतो, मुहर्रिरने वाचून होईपर्यंत.

कागद तपासायला वेळ लागेल, तोवर शेजारच्या खोलीत डोकावा. तिथे साक्ष चाललीय. दारांना वाळ्याच्या ताट्या लावल्यात, पाणक्या त्यांच्यावर पखालीतून पाणी मारतोय. आत शिरताच ओल्या वाळ्याचा थंड, मातकट वास अंगावर येतो आणि मानेवरचा घाम क्षणभर गार होतो. डोक्यावर कापडी पंखा सावकाश हलतोय. मॅजिस्ट्रेट साहेब स्वतः इंग्रजीत टिपून घेतायत, बाजूला बसलेला दुसरा मुहर्रिर हिंदीत उतरवतोय. साक्षीदार धानाच्या गावचा. शेजाऱ्याने बांधीचा बांध फोडून तलावाचं पाणी वळवलं, ते याने पाहिलंय. सांगताना तो दोन्ही हातांनी बांध फोडून दाखवतो. बोलणं रंगतदार, शेजाऱ्याच्या आजोबापासून सुरुवात.

मग कायद्याप्रमाणे त्याचं म्हणणं त्याला वाचून दाखवायची वेळ येते. हे ऐका, कारण अख्ख्या सकाळमधली ही सर्वांत विचित्र घटना आहे आणि कुणालाच ती विचित्र वाटत नाही. मुहर्रिर उभा राहतो आणि एका सुरात, न थांबता, सगळ्या अक्षरांना एकच भाव देत वाचतो: “मुद्दालेह ने मुद्दई के खेत की मेंड़ तोड़ी...” साक्षीदार मान तिरकी करून ऐकतो. त्याचे हात आता लटकलेले. आजोबा गेले, शेजारी गेला, बांध मेंड़ झाला. वाचन संपतं. “सुन लिया? सही है?”

“नाही जी.”

“क्या नहीं?”

“मुद्दालेह नावाचा कोनी मानुस आमच्या गावात नाही.”

साहेबाला कारकून इंग्रजीत समजावतो, साहेब टाक खाली ठेवून खिडकीकडे बघतो. दुभाषा पुढे होतो. मुद्दई म्हणजे दावा करणारा, आणि मुद्-दा-लेह म्हणजे ज्याच्यावर दावा केला तो. म्हणजे तो समोर उभा आहे तो. साक्षीदार शेजाऱ्याकडे बघतो, शेजारीही चमकलेला, त्यालाही आपलं हे नाव आत्ताच कळलंय.

या शब्दाची कुंडली पाहिली तर साक्षीदाराला दोष देणार नाही तुम्ही. अरबीत ते एक नव्हे, दोन शब्द: मुद्दआ अलैह. मोजा, मुद्-द-आ-अ-लैह, पाच तुकडे. ‘आ’ला लागून ‘अ’, मधे घशातला अडसर. तो अडसर आपल्या घशात नाही. तो गेला की तीन स्वर, ‘द’मधला ‘अ’, ‘आ’ आणि पुढचा ‘अ’, एकमेकांवर आदळतात आणि एक होतात, आणि पाचाचे तीन होतात. तीनही जड: ठक्, ठक्, ठक्. वजनदार, कचेरीला शोभणारा, आणि कुठूनही उलगडून अर्थ न लागणारा. मराठी कचेऱ्यांत वादी-प्रतिवादी म्हणतात. त्यात ‘प्रति’ सुटा दिसतो, माणूस अंदाज तरी बांधतो. माझं मत विचाराल तर भंडाऱ्याच्या मराठी कागदापुढे बालाघाटचा कागद इथे हरतो.

पण मराठी कागदानेही कमी खेळ केलेले नाहीत. बाहेर या, अर्जनवीसाच्या पेटीत मराठी कागदही आहेत, भंडाऱ्याच्या एका जुन्या वादातले. त्यात ‘दस्तऐवज’ आहे. मूळ फारशी दस्तावेज़, दस्-ता-वेज़. मराठी माणसाला ‘तावेज’ कळेना. त्याच्या घरात ‘ऐवज’ मात्र आधीच होता, दागदागिने-पैशाअडक्याचा. त्याने शब्द भलत्याच ठिकाणी तोडला, दस्त आणि ऐवज. आणि बघा, कसा अस्सल वाटतो! मुख़्तारचंही तसंच. मुख्-तार असे दोन ठोके होते, मराठीने मधे जागा करून ‘य’ घातला: मुखत्यार. तो ‘य’ कुठून आला हे मुखत्यारपत्रावर सही करणाऱ्याने कधी विचारलेलं नाही.

आता अर्जनवीस तुम्हाला बोरू देतो. पहिल्यांदा. “लिव्ह. हुकूम.”

तुम्ही लिहिता, दीर्घ ‘कू’ काढून.

“आता लिव्ह, पत्त्यातला एक्का.”

“हुकमी एक्का.”

“ऊकार कुठं गेला?”

तुम्ही थांबता. कागदाकडे बघता. खरंच, कुठे गेला?

“जुलूम लिव्ह. जुलमी लिव्ह.” पुन्हा तेच. अरबीत हे शब्द हुक्म आणि ज़ुल्म, एकाच तुकड्याचे. मराठी जिभेला ‘क्म’वर, ‘ल्म’वर शब्द संपवता येईना, तिने मधे ‘ऊ’ घालून दोन तुकडे केले. पुढे ‘ई’ आली की ‘म’ला बसायला जागा मिळते, मग उसना ‘ऊ’ निघून जातो: हुक्-मी, जुल्-मी. अरबी जोडी जशीच्या तशी परत. कुणी अरबी शिकून हे करत नाही.

“रक्कम.” तुम्ही लिहिता. “त्या रकमेत.” तुम्ही लिहिता, आणि या वेळी हात तुमच्याआधी ओळखतो की एक ‘क’ कमी झाला. नक्कल, पण नकलेवर. अक्कल, पण अकलेचा कांदा. व्याकरणाच्या पुस्तकात तुम्ही हे अपवाद म्हणून घोकले होते. अर्जनवीस ठोकतो: रक्-कम. रक्-मेत. पहिला ठोका दोन्हीकडे तोच. ‘रकम’ असं नुसतं म्हटलं असतं, हिंदीसारखं, तर पहिलं अक्षर हलकं पडलं असतं, म्हणून मराठीने ‘क’ दुप्पट करून ते जड केलं. पण ‘रकमेत’ म्हणताना ‘क’मधला ‘अ’ गळतो, ‘क’ आपोआप मागच्या ‘र’ला चिकटतो, पहिलं अक्षर जडच राहतं. मग दुसऱ्या ‘क’चं काम काय? तो उतरून जातो. वकील आणि वकिलाने, जामीन आणि जामिनावर, वसूल आणि वसुली, तिथे वजन पुढच्या अक्षरावर सरकतं आणि मागचा दीर्घ हलका होतो.

“छकड्यात पोती भरली का कधी?” अर्जनवीस विचारतो. तुम्ही नाही म्हणता. “वजन कण्यावर यावं लागते. पुढं वाढवलं का मागचं काढावं लागते, नाही तं बैल उचलते. शब्दाचं बी थेच.” समोर बसलेला पोवार हसून मान हलवतो. पोती भरायचं त्याला माहीत आहे. शब्दाचंही माहीत आहे, त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही इतकंच. इस्टाम म्हणणाऱ्याला तुम्ही सकाळी हसलात ना? तो जे करत होता तेच तुम्ही ‘अकलेचा कांदा’ म्हणताना करता. तुमच्यावर छापील पुस्तकाचा शिक्का आहे आणि त्याच्यावर नाही, यापलीकडे फरक शोधून सापडत नाही.

दहा वाजून गेलेत. वाळू पायाला चटके देते आणि गर्दी चिंचेच्या बुंध्याकडे आक्रसत जाते, सावलीबरोबर. आतून बातमी येते की लांजीवाल्याचा जामीन मंजूर झाला. तो बाहेर येतो, आधी जोडे शोधतो, ते आहेत, मग मुलगा. मुलगा विशीचा, कान चिमटलेले, दोन दिवसांचा उपाशी. म्हातारा त्याला एक शब्दही बोलत नाही. फुटाणेवाल्याकडून पुडी घेऊन त्याच्या हातात कोंबतो आणि स्वतः अर्जनवीसापुढे उकिडवा बसतो. त्याला साहेबाच्या हुकमाची नक्कल हवीय. गावात मालगुजाराला, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराला, दाखवायला. मुलगा सुटला हे मालगुजाराने डोळ्यांनी पाहिलं तरी तो कागद मागणार.

नक्कल काढायला अर्ज लागतो, अर्जाला स्टँप लागतो, नक्कलनवीसाची फी वेगळी, कागदाचे पैसे वेगळे. तुम्ही हे सगळं आता स्वतः लिहिताय. हात हलतोय बऱ्यापैकी. म्हातारा विचारतो, “नकलेले किती दिवस लागतीन?” ‘क’ एकेरी. व्यवस्थित. तुम्ही अर्जनवीसाकडे बघता, तो म्हणतो, “चार दिवसांची मुदत लिव्ह.”

बोरू पुन्हा अडतो. कारण मुद्दत हा अरबी शब्द तर जोडाक्षराचाच होता, हिंदीवाले अजून दोन ‘द’ म्हणतात. नक्कल आणि रक्कम यांना मराठीने पदरचं एक अक्षर घालून जड केलं, आणि इथे असलेलं काढून टाकलं? मुदत, टिक ठक्? ज्या नियमावर तासभर बोरू आपटला तो मुदतीपाशी काय झाला? तुम्ही हे सगळं एका दमात विचारता, सकाळपासूनचा तुमचा पहिला खरा प्रश्न.

अर्जनवीस चष्मा काढतो, दोऱ्याची काडी सोडवतो, पेटीचं झाकण लावतो. गड्याने घरून पेज आणलीय, चिन्नोर तांदळाची, पितळी गडव्यात, वर मिठाचा खडा आणि कांदा. “नियम हाय म्हनून सगळेच पाळतीन का बाप्पा?” तो म्हणतो. “मुदत लिव्ह, एकच द. आन् हात धुऊन ये, गडवा दोघांत एकच हाय.”